टोकियो २०२५ भालाफेक: नीरज आठवा, सचिन चौथा आणि आपलं नव्वद मीटरचं वेड

मैदानवेडा | १९ सप्टेंबर २०२५

काल टोकियोत जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतली पुरुषांची भालाफेक झाली आणि संध्याकाळपासून माझ्या फोनवर एकच सूर आहे: नीरज हरला. मथळे तेच, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर तेच. एवढी उलथापालथीची फायनल झाली आणि आपण तिच्यातलं एकच नाव धरून बसलो, याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

आधी निकाल, कारण नीरज बाद झाल्यावर पुष्कळांनी टीव्ही बंद केला असणार. त्रिनिदाद-टोबॅगोचा केशॉर्न वॉलकॉट ८८.१६ मीटर, सुवर्ण. ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स ८७.३८, रौप्य. अमेरिकेचा कर्टिस थॉम्पसन ८६.६७, कांस्य. चौथा आपला सचिन यादव, ८६.२७. मग जर्मनीचा ज्युलियन वेबर (८६.११), केनियाचा ज्युलियस येगो (८५.५४), श्रीलंकेचा रुमेश थरंगा पथिरगे (८४.३८). नीरज ८४.०३ वर आठवा. आणि पॅरिस ऑलिम्पिकचा विजेता, पाकिस्तानचा अर्शद नदीम, ८२.७५ वर दहावा.

ही यादी महिनाभरापूर्वी कुणी लिहून दाखवली असती तर कुणीही मान्य केली नसती. वेबरने तीन आठवड्यांपूर्वी झ्युरिकला डायमंड लीगच्या फायनलमध्ये ९१.५१ मीटर फेक केली होती. त्याच दिवशी वॉलकॉट ८४.९५ वर तिसरा होता. काल वेबर पाचवा आणि वॉलकॉट जगज्जेता.

आता माझा मुद्दा. गेली चार-पाच वर्षं आपण नीरजला एकच प्रश्न विचारत आलो: नव्वद कधी? मे महिन्यात दोह्याला त्याने ९०.२३ मीटर टाकले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि त्या दिवशीही तो दुसरा आला, कारण वेबरने ९१.०६ टाकले होते. आता जागतिक स्पर्धा जिंकणारे आकडे बघा. २०१९ दोहा, पीटर्स, ८६.८९. २०२२ युजीन, पुन्हा पीटर्स, ९०.५४. २०२३ बुडापेस्ट, नीरज, ८८.१७. काल वॉलकॉट, ८८.१६. चारपैकी तीन सुवर्णं नव्वदच्या आत आहेत. बुडापेस्ट आणि टोकियोच्या सुवर्णांत फक्त एका सेंटिमीटरचा फरक आहे. नीरजचं २०२१ चं ऑलिम्पिक सुवर्णसुद्धा ८७.५८ चं, आणि तेही याच स्टेडियममध्ये.

जागतिक स्पर्धा म्हणजे एकच संध्याकाळ. वर्षभर कुठे किती लांब टाकलं ते त्या संध्याकाळी कुणी मोजत नाही. आणि नेमक्या त्या संध्याकाळी उत्तर प्रदेशातल्या बागपतजवळच्या खेकड्याचा एक उंचापुरा मुलगा, जो आधी क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करायचा, पहिल्यांदाच जागतिक फायनलला उभा राहतो आणि पहिल्याच फेकीत आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी करतो. आधीची त्याची सर्वोत्तम फेक ८५.१६ ची, मे महिन्यात कोरियात गुमीला झालेल्या आशियाई स्पर्धेतली. म्हणजे सगळ्यात मोठ्या मंचावर तो एक मीटर अकरा सेंटिमीटर पुढे गेला. कांस्यपदक चाळीस सेंटिमीटरने हुकलं. वेबर, येगो, नीरज, अर्शद, सगळे त्याच्या मागे राहिले.

माझ्या मते कालची मोठी बातमी हीच होती. तुम्हाला काय वाटतं?

---

कृष्णाकाठ | १९ सप्टेंबर

सचिनबद्दल शंभर टक्के सहमत. पण नीरजबद्दल एक प्रश्न डोक्यातून जात नाही. गेले दोन आठवडे पाठीचा त्रास होता हे त्यानेच सामन्यानंतर सांगितलं. मग उतरायचंच कशाला? भालाफेकीत पाठ म्हणजे गंमत नाही. सत्ताविशीतला खेळाडू आहे, २०२८ चं लॉस एंजेलिस समोर आहे. एका स्पर्धेसाठी अख्खी कारकीर्द पणाला लावू नये असं मला कळकळीने वाटतं. त्याच्या संघातल्या कुणीतरी नको म्हणायला हवं होतं.

---

मैदानवेडा | १९ सप्टेंबर

कृष्णाकाठ, तुमची काळजी समजते. पण हा माणूस दुखापत झाकून खेळणाऱ्यांतला नाही. २०१९ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया मुंबईत झाली, तेव्हा त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याने सोडली. २०२२ ला युजीनमध्ये रौप्य जिंकताना जांघेत दुखापत झाली, तर लगेच आलेली राष्ट्रकुल स्पर्धा सोडली, आणि तिथे तो गतविजेता होता. थांबायचं कधी हे त्याला कळतं.

यावेळी पात्रता फेरीत त्याने पहिल्याच फेकीत ८४.८५ टाकले. थेट प्रवेशाची रेषा ८४.५० ची होती. एक फेक, भाला पिशवीत, माणूस बाहेर. तेव्हा शरीर साथ देईल असं त्याला वाटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही. २०२१ पासून सलग २६ स्पर्धांत हा पहिल्या दोनाच्या बाहेर गेला नव्हता. सव्विसावी ते सत्ताविसावी या प्रवासात पाठ आडवी आली, एवढंच मी त्यातून घेतो.

---

रेवा | १९ सप्टेंबर

छान धागा. मला एक कळलं नाही. नीरजला पाचच फेकी का मिळाल्या? सहा असतात ना?

---

मैदानवेडा | १९ सप्टेंबर

रेवा, हा बदल बऱ्याच जणांच्या लक्षात आला नाही. पूर्वी बारा जण तीन-तीन फेकी करायचे आणि त्यातल्या पहिल्या आठांना आणखी तीन मिळायच्या. आता गाळणी टप्प्याटप्प्याने लागते. तीन फेऱ्यांनंतर दहा उरतात, चौथीनंतर आठ, पाचवीनंतर सहा. अर्शद चौथ्या फेरीनंतर गेला, नीरज पाचव्या. आधीच्या पद्धतीत नीरजला सहावी फेक मिळाली असती. तिने पदक आलं असतं असं म्हणत नाही, पण शेवटच्या फेकीला मुसंडी मारायची संधी आता फक्त पहिल्या सहांना आहे. हा नियम मला खटकतो. भालाफेकीत शेवटच्या फेकीवर सामना फिरतो, त्याचसाठी तर लोक शेवटपर्यंत बसून राहतात.

---

पीटीचे सर | १९ सप्टेंबर

शाळेत खेळ शिकवतो, सांगली जिल्ह्यात. पाठीचा विषय निघाला आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण टीव्हीवर बघताना लोकांना वाटतं भाला हाताने फेकतात.

भाला पायाने फेकतात. आठशे ग्रॅमचा भाला, लांबी २.६० ते २.७० मीटर. खेळाडू धावत येतो, शेवटच्या पावलांत कुशीवर वळून तिरपी पावलं टाकतो, भाला मागे नेलेला. मग शेवटचं पाऊल. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे टेकतो आणि तिथेच खिळतो, गुडघा ताठ. यालाच आम्ही ब्लॉक म्हणतो. धावत्या एसटीने करकचून ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो, तसं त्या थांबलेल्या पायावरून कंबर, मग छाती, मग खांदा, मग कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट पुढे येतं. वेग वर वर चढत जातो आणि भाला ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे हातातून सुटतो.

त्या क्षणी पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो भार पायातून कमरेत आणि कमरेतून पाठीत जातो. पाठ धनुष्यासारखी मागे ताणलेली असते आणि त्याच वेळी पिळलेलीही. पाठ दुखत असेल तर मेंदू आपोआप शेवटचं पाऊल आखडतं घेतो. बाहेरून काहीच दिसत नाही. धाव तीच, हात तोच, चेहरा तोच. पण गुडघा किंचित वाकतो, ब्लॉक मऊ पडतो, आणि तीन-चार मीटर गेले. नीरजची कालची फेक मी पुन्हा पुन्हा बघितली. हात कुठेही कमी नव्हता.

अर्शदचंही तेच. त्याच्या पोटरीची शस्त्रक्रिया याच जुलैमध्ये इंग्लंडला झाली. पोटरी कापलेला माणूस दोन महिन्यांत जागतिक फायनलला पोचला, पात्रतेत ८५.२८ टाकले, हेच मला मोठं वाटतं. पॅरिसला ९२.९७ टाकणारा हाच. तिकडेही आता त्याच्यावर टीका होत असेल, ती वाचवत नाही.

---

टोकियोकर | २० सप्टेंबर

मी नोकरीनिमित्त इथे असतो आणि परवा स्टेडियममध्ये होतो. पीटीचे सर, तुम्ही म्हणता ते प्रत्यक्ष बघायला मिळालं. टीव्हीवर कॅमेरा भाल्याच्या मागे जातो, त्यामुळे फेकणारा सुटतो. गॅलरीतून उलट होतं. भाला सुटला की तो बारीक काडीएवढा होतो, मध्येच दिव्यांच्या झोतात दिसेनासा होतो, आणि नजर खेळाडूवर राहते. सचिनची पहिली फेक झाली तेव्हा भाला गवतात रुतल्यावर पंच पळत गेले, टोक जिथे पहिल्यांदा टेकलं तिथे खूण रोवली, पांढरा झेंडा वर झाला. मग आकडा येईपर्यंतचे ते काही सेकंद. फलकावर ८६.२७ आलं तेव्हा आम्ही भारतीय ज्या कोपऱ्यात होतो तिथे आधी कुणाला खरंच वाटेना. नीरजसाठी आलेले सगळे, आणि ओरडतोय सचिनसाठी.

त्याच रात्री महिलांची ४०० मीटरची फायनल ओल्या ट्रॅकवर झाली, सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोन ४७.७८ सेकंदांत धावली. तरी घरी परतताना ट्रेनमध्ये आमच्या बोलण्यात भालाच होता.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. जपानची हारुका कितागुची ही महिलांच्या भालाफेकीतली ऑलिम्पिक विजेती, २०२३ ची जगज्जेतीही. इथे तिचे फलक सगळीकडे होते. काल ती पात्रता फेरीतच बाद झाली. उन्हाळ्यात तिच्या कोपराला दुखापत झाली होती. आज ऑफिसात जपानी सहकाऱ्यांनी सगळ्यात आधी काय विचारलं असेल? तिचं कोपर आता कसं आहे. आपल्याकडचे गटांवरचे संदेश आणि हे, दोन्ही एकाच दिवशी बघितलं आणि फार लागलं मनाला.

---

रेवा | २० सप्टेंबर

टोकियोकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

---

दर्यावर्दी | २० सप्टेंबर

मर्चंट नेव्हीत असल्यामुळे कॅरिबियन बेटांवर जाणं होतं, म्हणून वॉलकॉटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळी चर्चा कोण हरलं यावर चालली आहे, जिंकला त्याचं काय?

हा त्रिनिदादच्या ईशान्य टोकावरच्या टोको गावचा. २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये ८४.५८ टाकून सुवर्ण जिंकलं तेव्हा वय १९. त्याच वर्षी तो ज्युनिअर जगज्जेताही होता. टोकोचं जुनं दीपगृह आज त्याच्या नावाने आहे. आम्हा खलाशांना दीपगृहाचं मोल वेगळं सांगायला नको. एका भालाफेकपटूच्या नावाने दीपगृह, हे ऐकलं तेव्हाच मला त्या बेटाबद्दल आदर वाटला.

त्यानंतर २०१६ ला रिओत कांस्य. पण जागतिक स्पर्धेचं पदक काही हाती लागेना. इतकी वर्षं फेकत राहिला, नवे नवे लोक पुढून गेले, आणि लंडननंतर १३ वर्षांनी, ३२ व्या वर्षी, त्याला हे पहिलं जागतिक पदक मिळालं, तेही थेट सुवर्ण. त्याला सध्या क्लाउस बार्टोनिट्झ शिकवतात. नीरजला टोकियो ऑलिम्पिक आणि बुडापेस्टची सुवर्णं मिळाली तेव्हा त्याच्याबरोबर असलेले हेच ते जर्मन गुरुजी. नीरज २०२५ मध्ये यान झेलेझ्नी यांच्याकडे होता, ज्यांचा ९८.४८ चा विश्वविक्रम १९९६ पासून तसाच उभा आहे.

पहिल्या दोन जागा दोन चिमुकल्या कॅरिबियन देशांना. ग्रेनाडाची सगळी लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षा कमी भरेल.

---

पंचगंगा | २० सप्टेंबर

मैदानवेडा, धागा आवडला, पण नव्वदच्या मुद्द्यावर माझा विरोध नोंदवतो. पॅरिसला नीरजने ८९.४५ टाकले आणि तरी रौप्यच मिळालं, कारण अर्शदने ९२.९७ टाकले. म्हणजे कुणी एक पेटला की ८८ ने भागत नाही. क्षमता नव्वदच्या वर असेल तरच वाईट दिवशी ८६-८७ निघतात. सचिनची सर्वोत्तम फेक आता ८६.२७ आहे. त्याला पुढे पदक हवं असेल तर ती ८९-९० पर्यंत न्यावीच लागेल. आकड्याचं वेड वाईट नाही, त्याच्यामुळेच माणूस रोज मैदानावर जातो.

---

मैदानवेडा | २० सप्टेंबर

पंचगंगा, खेळाडूने नव्वदच्या मागे लागावं, जरूर लागावं. माझी तक्रार प्रेक्षकांबद्दल आहे. ८८.१७ ला सुवर्ण आलं त्या रात्रीसुद्धा 'पण नव्वद नाही झाले' म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. क्षमतेबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य, आणि पॅरिसचं उदाहरण बिनतोड आहे. पण वेबरची क्षमता ९१.५१ ची होती, आणि कालपरवा निघाले ८६.११. इतकी क्षमता असूनही जे निघत नाही, ते काय असतं हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. सचिनकडे त्या संध्याकाळी ते होतं.

---

कॅम्पातला | २१ सप्टेंबर

पुण्याचा आहे, म्हणून एक जुनी आठवण जोडतो. २०१० ला दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत काशिनाथ नाईक यांनी भालाफेकीत कांस्य जिंकलं. मूळचे कर्नाटकातले, सैन्यातले, पुढे आमच्या पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षक. त्या कांस्याची फेक होती ७४.२९ मीटर. तेव्हा आम्हाला तेच आभाळाएवढं वाटलं होतं.

आज त्याच संस्थेतलं मैदान नीरजच्या नावाने आहे, २०२१ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते नामकरण झालं. आणि ८६.२७ टाकणारा मुलगा चौथा आला म्हणून लोक पेपरात त्याचं नाव शोधत नाहीत. पंधरा वर्षांत बारा मीटर. बुडापेस्टला अंतिम आठांत तीन भारतीय होते, नीरजबरोबर किशोर जेना (८४.७७, पाचवा) आणि डी. पी. मनू (८४.१४, सहावा). जेनाचा तर व्हिसाच आयत्या वेळी अडकला होता, मग मिळाला, आणि तिथे जाऊन त्याने स्वतःची सर्वोत्तम फेक केली. यंदा भारताचे चौघे टोकियोत उतरले. ही एका माणसाची गोष्ट राहिलेली नाही, आणि याचं श्रेयही त्या एका माणसालाच जातं. दोन्ही खरं आहे.

---

सईची आई | २१ सप्टेंबर

सगळे प्रतिसाद वाचून काढले. खेळातलं मला फार कळत नाही, पण माझा धाकटा तेरा वर्षांचा आहे आणि परवाची फायनल बघितल्यापासून भाला हवा म्हणून हट्ट धरून बसला आहे. पीटीचे सर, तुम्ही वर जे पाय, पाठ, कोपर लिहिलंत ते वाचून खरं सांगायचं तर भीतीच वाटली. या वयात सुरू करावं का? भाला कुठला घ्यायचा?

---

पीटीचे सर | २१ सप्टेंबर

सईची आई, भीती बाळगू नका, पण घाईही नको.

आठशे ग्रॅमचा भाला त्याच्या हाती अजिबात देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धासुद्धा सातशे ग्रॅमच्या भाल्याने होतात, आणि तेरा वर्षांच्या मुलाला त्याहून हलकाच द्यायला हवा. आमच्याकडे सुरुवात बांबूच्या भाल्याने होते, तो पुरतो. त्याआधी वजनदार चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकायचा, उभ्याने, मग तीन पावलं चालून. वर्षभर हेच केलं तरी वाया जात नाही. बरोबर लांब उडी, हर्डल्स, पळणं, दोरीवरच्या उड्या. पाय तयार झाले की भाला आपोआप जातो.

मुलं घरी यूट्यूब बघून येतात आणि पहिल्याच दिवशी पूर्ण धाव घेऊन फेकायला बघतात. गेल्या हंगामात एक पोरगा असाच होता, हात जबरदस्त, पण पुढचा पाय टेकला की गुडघा मोडायचा आणि सगळा जोर कोपरावर यायचा. त्याचं कोपर खांद्याच्या खाली घसरलेलं मी बाजूने बघत होतो. त्याला दोन महिने भाल्याला हात लावू दिला नाही, नुसतं शेवटचं पाऊल टाकायला लावलं, चुन्याने आखलेल्या रेषेवर. रडला, घरी तक्रार केली. आता नीट फेकतो.

तेव्हा तीन गोष्टी बघा. शिकवणारा माणूस मुलाच्या बाजूला उभा राहून पाय बघतो की लांब उभा राहून फक्त अंतर मोजतो. रोज फेकायला लावतो का? लावत असेल तर मुलाला तिथून काढा, आठवड्यातून दोन दिवस फेकणं या वयाला भरपूर आहे. आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणाला तर त्याच दिवशी थांबवा, 'होईल बरं' म्हणू नका.

मैदानावर फेक चालू असताना समोर कुणी नाही ना, हे दर वेळी बघायला त्याला पहिल्या दिवसापासून शिकवा. भाला आणायला चालत जायचं, पळत नाही, आणि रुतलेला भाला सरळ वर उपसायचा. तुमचा जिल्हा कळवलात तर जवळचं मैदान आणि चांगला शिकवणारा कोण आहे ते विचारून इथेच लिहितो.

---

सईची आई | २१ सप्टेंबर

सातारा, सर. कोरेगावजवळ राहतो. आत्ताच तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. चेंडूचं वजन किती घेऊ असं विचारतोय.

---

पीटीचे सर | २१ सप्टेंबर

एक किलोचा. आणि त्याला सचिन यादवची ती पहिली फेक हळू करून दाखवा, फक्त डावा पाय बघ म्हणावं.